चौदाशे कौलं आणि अडीच सेकंदांचा उजेड

दाताच्या डॉक्टरांकडे कधी पांढरं फिलिंग करून घेतलं असेल, तर रेझिन प्रिंटिंगचं निम्मं शास्त्र तुमच्या तोंडात आधीच घडून गेलेलं आहे. मऊ लगदा दाढेत दाबला जातो, वरून निळा दिवा धरला जातो आणि काही सेकंदांत त्या लगद्याचा दगड होतो. तापवणं नाही, वाळवणं नाही, दोन द्रव्यं कालवणं नाही. नुसता उजेड! आता तो उजेड सरसकट न पडता हव्या त्या आकारात पडला, ठिपक्याठिपक्यांनी, केसाहून बारीक नेमकेपणानं, आणि दर काही सेकंदांनी तो आकार बदलत गेला तर? प्रत्येक झळकीला एक पातळ थर घट्ट होईल. असे आठ-नऊशे थर एकावर एक चढले की रेझिनच्या टाकीतून उलटं लटकत वर येतं एखाद्या जुन्या स्टेशनाचं कौलारू छप्पर. त्याच्यावरचं प्रत्येक कौल वेगळं दिसतं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, की माणूस जातो गाड्या बघायला आणि नजर अडकते ती गाड्यांभोवतीच्या गावात. रूळ, इंजिन, डबे बाजारात मिळतात. गावाची मात्र पंचाईत. या छंदासाठी इमारतींचे जे तयार संच विकले जातात ते बहुतेक युरोपातले. त्यात जर्मन खेड्यातली उंच टोकदार छपरं मिळतात, इंग्लंडातल्या लाल विटांची स्टेशनं मिळतात. घडीव काळ्या दगडाची भिंत, मंगळुरी कौलं, फलाटावर झुकलेलं पाख, त्याच्या कडेला नक्षीची लाकडी झालर आणि टोकाला पिवळी पाटी, असं आपल्याकडचं छोटं स्टेशन हवं असेल तर ते स्वतःच करावं लागतं. आजवर हे काम पुठ्ठा, कानस आणि अमाप चिकाटीनं होत आलं. चिकाटी अजूनही लागतेच, पण आता ती वेगळ्या ठिकाणी खर्च होते.

या तंत्राच्या जन्मकथेत एक गंमत आहे. जपानमधल्या नागोया शहरातल्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोडामा यांनी प्रकाशानं घट्ट होणाऱ्या द्रवापासून थराथरानं वस्तू घडवण्याची पद्धत १९८१ साली शोधनिबंधातून मांडली. पुरावा म्हणून त्यांनी काय बनवलं होतं? एका घराची छोटी प्रतिकृती. म्हणजे या तंत्राची सुरुवातच छोट्या इमारतीपासून झाली! कोडामांचा एकेक थर होता २ मिलिमीटरचा. आज घरातल्या टेबलावरचा प्रिंटर ०.०५ मिलिमीटरचा थर घालतो, म्हणजे त्यांच्या एका थराच्या जाडीत ४०. कोडामांच्या पदरात पेटंट पडलं नाही. अमेरिकेत चक हल यांनी १९८४ साली अर्ज केला, १९८६ साली त्यांना पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी त्यांनी कंपनी काढली. टेबलांवरचे लेप अतिनील दिव्यानं घट्ट करणाऱ्या एका कंपनीत ते काम करत होते. एक थर घट्ट होतो तर त्यावर दुसरा का नाही, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

आता टाकीत डोकावू. रेझिन म्हणजे मुख्यतः अ‍ॅक्रिलेट जातीच्या लहान रेणूंचं दाट द्रव. त्यात अगदी थोडं फोटोइनिशिएटर नावाचं द्रव्य असतं. ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश पडला की या द्रव्याचा रेणू मधून तुटतो. तुटलेला तुकडा एकटा राहू शकत नाही. तो शेजारचा अ‍ॅक्रिलेट धरतो, तो अ‍ॅक्रिलेट पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. साखळी वाढत जाते, शेजारच्या साखळ्यांत गुंतते आणि वाहणाऱ्या द्रवाचं जाळं होऊन बसतं. हे सारं डोळ्यांदेखत, पण डोळ्यांना न दिसता होतं. हवेतला ऑक्सिजन मात्र या साखळीच्या आड येतो. मोकळ्या टोकाला तोच जाऊन चिकटतो आणि वाढ थांबते. म्हणून नुकत्याच छापलेल्या वस्तूचा पृष्ठभाग थोडा चिकट राहतो, आणि म्हणूनच जाणती मंडळी शेवटचं घट्ट करणं पाण्यात बुडवून करतात. पाण्याखाली हवेचा उपद्रव कमी.

रेझिनमध्ये रंगही घातलेला असतो. तो नुसता शोभेचा नाही. उजेड किती खोल जाणार याला तो वेसण घालतो. रंग कमी पडला तर प्रकाश ठरल्या थराच्या पलीकडे पाझरतो आणि खिडकीच्या गजांमधली फट भरून टाकतो. उलट, तो थोडासा पलीकडे गेलाच नाही तर नवा थर जुन्याला धरणार नाही. या दोहोंच्या मधली अरुंद वाट म्हणजे एक्स्पोजरचा, थराला किती सेकंद उजेड द्यायचा याचा आकडा, आणि नवशिक्याचे पहिले काही दिवस त्या आकड्याच्या मागे जातात.

हा उजेड आकारात पाडतो कोण? मोबाइलला असतो त्याच जातीचा एलसीडी पडदा. टाकीच्या तळाला काचेऐवजी पारदर्शक, चिवट फिल्म ताणलेली असते. फिल्मखाली पडदा, पडद्याखाली जांभळे एलईडी. पडद्यावर थराचं चित्र उमटतं. पांढऱ्या ठिपक्यांतून उजेड जातो, काळ्यांत अडतो. पडदा रंगीत नसतो, कारण रंगीत पडद्यातल्या गाळण्या या प्रकाशाचा बहुतेक भाग गिळून टाकतात. कृष्णधवल पडद्यावर २ ते ३ सेकंदांत एक थर होतो. वरून एक धातूची प्लेट खाली येते आणि फिल्मपासून ०.०५ मिलिमीटरवर थांबते. उजेड पडतो, मिटतो. प्लेट वर उचलली जाते आणि नवा थर तव्यावरून घावन सुटावं तसा कडेकडेनं फिल्मपासून सुटतो. खाली ताजं रेझिन वाहत येतं, प्लेट पुन्हा खाली. हेच चक्र शेकडो वेळा.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण छोट्या रेल्वेवाल्यांच्या दृष्टीनं सगळी जादू तिच्यात आहे. हा प्रिंटर रेघ ओढत नाही. प्लास्टिकची तार वितळवून छापणाऱ्या प्रिंटरला प्रत्येक भिंत, प्रत्येक गज फिरून फिरून काढावा लागतो. इथे अख्खा थर एकदम झळकतो. मग त्या थरात एक खिडकी असो की चाळीस, वेळ तेवढाच! छापायला किती वेळ लागणार हे फक्त वस्तूच्या उंचीवर ठरतं. ३० मिलिमीटर उंचीची वस्तू म्हणजे ६०० थर. उजेड आणि प्लेटची वर-खाली मिळून थराला ८ सेकंद धरले तर ८० मिनिटं. त्या ८० मिनिटांत प्लेटवर मावतील तेवढ्या खिडक्या, दारं, लोखंडी ब्रॅकेट, बाकडी, दिव्याचे खांब एकाच वेळी तयार. हाताने काम करणाऱ्याला जे सर्वांत कंटाळवाणं वाटतं, तेच तेच पुन्हा करणं, ते इथे फुकट पडतं.

आता मोजमाप. जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. एक फूट साडेतीन मिलिमीटरचा होतो आणि साडेपाच फुटांचा स्टेशनमास्तर १९ मिलिमीटरांचा. रुळांच्या बाबतीत भारतीय छांदिष्टाची इथे जरा अडचण होते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ती १:८७ मध्ये १९.३ भरते, बाजारातला एचओ रूळ असतो १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १४३५च्या परदेशी गेजचा आहे. इमारतीला असली तडजोड लागत नाही. तिथे हिशेब चोख ठेवता येतो.

मंगळुरी कौलाचंच घेऊ. १८६५ साली बासेल मिशनच्या मंगळूरच्या कारखान्यातून ही कौलं निघू लागली आणि पुढे कोकण-देशावरच्या स्टेशनांवर, शाळांवर, कचेऱ्यांवर चढली. नेहमीचं कौल सुमारे ४१ सेंटीमीटर लांब, साडेतेवीस रुंद. १:८७ मध्ये ते झालं ४.७ मिलिमीटर लांब, २.७ रुंद. एकमेकांवर चढवून बसवली की चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. १२ मीटर लांबीचं, दोन पाखांचं स्टेशन, एकेका पाखाचा उतार ४ मीटर, तर छपरावर चौदाशेच्या आसपास कौलं. तांदळाएवढी चौदाशे कौलं हाताने कापून चिकटवणारे लोक आहेत. त्यांना माझा दंडवत! पण संगणकात एकच कौल काढायचं असतं. त्याच्या दोन पन्हळी, कडेची खाच, खालचा ओठ, सगळं एकदाच. मग त्याच्या प्रती ओळीनं मांडायच्या. इतकं झाल्यावर एक खोडी जरूर करावी: दर पाच-सात कौलांतलं एखादं अर्ध्या अंशानं वाकडं करावं, एखादं किंचित खाली सरकवावं. सगळी कौलं काटेकोर बसली तर छप्पर पत्र्याचं वाटतं. आपल्या छपरांवर माकडं उड्या मारतात, हे डोळ्यांना आठवत असतं.

हे सारं छापताना टिकेल का? चांगल्या पडद्याचा एक ठिपका ०.०२२ मिलिमीटरचा असतो. म्हणजे २.७ मिलिमीटरच्या कौलाच्या रुंदीत १२० ठिपके. कौलाचा ओठ खऱ्यात २ सेंटीमीटर धरला तर इथे ०.२३ मिलिमीटर, म्हणजे दहा ठिपके. पण, आणि हा पण मोठा आहे, ही बारकाई आडव्या दिशेची. उभ्या दिशेला आपली मोजपट्टी थराची, ०.०५ मिलिमीटरची. छपराचं पाख प्लेटवर सपाट झोपवलं तर तोच ओठ जेमतेम चार-पाच थरांत उरकला जातो आणि कौलाची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची होते. पाख उभं किंवा तिरपं ठेवलं तर ओठाला दहा ठिपके मिळतात. वेळ वाढतो: ४६ मिलिमीटरचं पाख उभं म्हणजे ९२० थर, दोन तासांच्या वर. वाढू द्यावा. वस्तू प्लेटवर कशी ठेवायची हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. यंत्र कोणतं घेतलं, यापेक्षाही महत्त्वाचा.

सपाट न ठेवण्याला दुसरंही कारण आहे. वस्तू प्लेटला घट्ट धरून राहावी म्हणून पहिल्या काही थरांना २५ ते ४० सेकंद उजेड देतात. त्यामुळे पायथा फुगतो, कड जाड होते. म्हणून वस्तू बारीक टेकूंवर उचलून, तिरपी छापायची. हे टेकू स्लायसर नावाची प्रणालीच काढून देते. टेकू तोडले की वण राहतात, तेव्हा ते नेहमी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला घ्यायचे. भिंतीच्या दर्शनी अंगाला एकही टेकू लागता कामा नये.

यावरून माझं ठाम मत: पहिल्याच झटक्यात अख्खी इमारत रेझिनमध्ये छापायला जाऊ नये. रेझिन घट्ट होताना आकसतं, आणि लांब, पातळ, सपाट भिंत आकसली की ती कमान होते. त्यातून चार भिंतींचा पोकळ डबा तोंड खाली करून छापला तर प्लेट उचलताना आत पोकळी ओढली जाते, फिल्मवर ताण येतो, कधी भिंतच फाटते. हवा जायला भोक ठेवलं तर निभावतं. पण मुळात ही मारामारी हवीच कशाला? भिंतींचा सांगाडा सनबोर्डचा किंवा एमडीएफचा करा, त्यावर घडीव दगडाचे पातळ रेझिनचे तुकडे कोपऱ्याकोपऱ्यानं चिकटवा, आणि प्रिंटरला राबवा ते बोटांच्या आवाक्याबाहेरच्या कामाला: कौलं, झालर, खिडक्या, ब्रॅकेट, पन्हळाचे कंस. छपराचे तुकडेही कौलांच्या ओळीवरच तोडा. सांधा आपोआप लपतो. पहिलंच काम म्हणून सीएसएमटी निवडणारेही भेटतात. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं ती इमारत खरोखरीच्या कारागिरांना लागली, एवढं त्यांच्या कानावर घालावं आणि गप्प बसावं.

संगणकात चित्र काढायचं तर मापं हवीत. स्टेशनमास्तरांना विचारून टेपनं मोजता आलं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर समोरून घेतलेला फोटो पुरतो, फक्त त्यात एक ओळखीचं माप हवं. रूळ दिसत असतील तर १६७६ मिलिमीटर हाताशी आहेतच. जुन्या इंग्रजी मापाची वीट असेल तर तीन इंच जाडीचे थर मोजत वर जायचं. पण रूळ भिंतीच्या पुढे असतात आणि जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून शक्यतो माप त्याच भिंतीवरचं घ्यावं. चित्रासाठी ब्लेंडर नावाची संगणकप्रणाली फुकट आहे, टिंकरकॅड त्याहून सोपं. छापायला देताना एसटीएल नावाची फाइल काढतात, आणि तिची एक गंमत म्हणजे तिच्यात एकक नसतं. नुसते आकडे. १० म्हणजे १० मिलिमीटर की १० इंच, हे तिला ठाऊक नाही. स्टेशन अचानक २५ पट मोठं किंवा मुंगीएवढं दिसलं तर घाबरू नये; एकक बदलावं.

प्रमाणाशी प्रामाणिक राहण्यालाही हद्द असते. खऱ्या झालरीची फळी इंचभर जाड. १:८७ मध्ये ०.२९ मिलिमीटर. ती छापली जाते, आणि टेकू तोडताना तुटतेही. तिला अर्धा मिलिमीटर द्या, कड मात्र दर्शनी बाजूला निमुळती ठेवा. डोळा कडेवरून जाडी ठरवतो. उलट विटांमधली दरज एक सेंटीमीटरची, म्हणजे इथे ०.११. ती छापली तरी रंगाच्या पहिल्या हातात बुजते, म्हणून जरा खोल कोरावी. पहिल्या दिवशी दोन सेंटीमीटरचा एकच तुकडा काढा, ज्यात चार विटांच्या ओळी, एक छोटी खिडकी आणि चार-पाच कौलं असतील. तोच तुकडा वेगवेगळ्या एक्स्पोजरनं छापा. गज गायब झाले तर उजेड कमी पडला, दरजा बुजल्या तर जास्त झाला. बाटलीवर छापलेल्या आकड्यापेक्षा हा तुकडा खरं बोलतो. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरच्या पहाटे रेझिन दाट होतं आणि थर सुटू लागतात. बंद बाटली कोमट पाण्यात ठेवून, खोली पंचविशीच्या आसपास आणून मग सुरुवात करावी.

आता जे सौम्य शब्दांत सांगण्यासारखं नाही ते. न घट्ट झालेलं रेझिन अंगाला लागू देऊ नये. अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची असते, आणि ती पहिल्या दिवशी येत नाही. महिनोन् महिने काही होत नाही म्हणून माणूस सैल पडतो आणि मग एक दिवस बोटं सुजून फुटतात. हातमोजे नायट्राइलचे, रबराचे नकोत. डोळ्यांवर चष्मा. प्रिंटर स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीत नको. खिडकी, पंखा आणि बंद होणारं दार असलेली जागा हवी. धुण्यासाठी वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल भुरकन पेट घेतं, तेव्हा देवघरातली समई आणि ही बाटली एका भिंतीआड असू नयेत. पाण्यानं धुता येणारं रेझिन मिळतं, पण ते धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. जलचरांना ते विष आहे. पसरट भांड्यात उन्हात ठेवावं, पाणी उडून जातं, तळाचा गाळ कडक होतो, मग तो कचऱ्यात. खराब झालेले तुकडे, पुसलेले कागद, सगळ्यांना आधी ऊन दाखवायचं. आपल्याकडे आठ महिने हे काम सूर्य बिनपैशांत करतो. पावसाळ्यात अतिनील दिवा घ्यावा लागतो.

धुऊन, वाळवून, टेकू काढून मग शेवटचा उजेड. वाळवणं टाळू नये. अल्कोहोल आत राहिलं तर नंतर तडे जातात. गरजेपेक्षा जास्त वेळ उन्हात ठेवलं तरी वस्तू पिवळी आणि ठिसूळ होते. त्यावर करड्या प्रायमरचा पातळ हात. तोवर अर्धपारदर्शक असलेल्या वस्तूवर आता पहिल्यांदा सावली पडते आणि कौलं दिसू लागतात, थरांच्या रेघाही. रेघा दिसल्या तर बारीक पॉलिश पेपर, नाहीतर पुढे चला. कौलांना एकच लाल नको. विटकरी, भाजका तपकिरी आणि शेवाळलेला काळपट, असे तीन तरी. दगडाला निव्वळ काळा कधीच नको, निळसर करडा घ्यावा. रुळांच्या बाजूच्या भिंतीला खालून गुडघाभर ब्रेकच्या धुळीचा गंजका तपकिरी फिरवला की स्टेशन चालू झाल्यासारखं दिसतं.

आणि पाटी. तिच्यावरची अक्षरं कागदावर छापून डकवतात, पण रेझिनला ती उठावात काढता येतात. वीतभर उंचीचं अक्षर १:८७ मध्ये अडीच मिलिमीटरचं होतं आणि त्याची काडी दहा-पंधरा ठिपके जाड. ‘नेरळ’मधल्या ळची दोन्ही वेटोळी त्यात मोकळी राहतात, भरत नाहीत. अक्षरं पाटीच्या वर ०.१५ मिलिमीटर उचला, पाटी उभी छापा, सगळीला पिवळा द्या. मग कापसाच्या बोळ्यानं नव्हे, तर सपाट खोडरबरावर काळ्या रंगाचा जेमतेम ओलसर थर घेऊन तो अक्षरांच्या माथ्यावरून एकदाच टेकवा. दाबलं तर रंग खाली उतरतो.